बुडती बँक, सरकारी तिजोरी आणि आपला प्रश्न



२०१८ सालची गोष्ट. पावसाळा संपून मासेमारी पुन्हा सुरू झाली होती. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसलो असता आमच्या ओळखीची एक मासे विकणारी आजी कर्जाच्या चौकशीला आली. बर्फाची मोठी पेटी घेण्यासाठी आणि हातात थोडे खेळते भांडवल असावे म्हणून तिला वीस हजार रुपये हवे होते. तिचा तो तिसरा हेलपाटा होता. कधी एक दाखला कमी, कधी जामीनदाराची सही नाही, असे चालले होते. त्याच दिवशी कोणीतरी बाकावर टाकून गेलेल्या वर्तमानपत्रात सरकारी बँकांना सरकारने दिलेल्या भांडवलाची बातमी होती. रांगेतल्या एका मुलाने ती मोठ्याने वाचली. आजी ऐकत होती. मग आमच्याकडे वळून ती म्हणाली, "काय रे बाबू, माका वीस हजार देऊक तुमका इतके कागद लागतत. मोठ्यांनी बुडयल्यानी तेवा सरकारान बँकेक पैशे दिल्यान. ते पैशे कोणाचे? सरकाराचे काय आमचे?"

रांग मोठी होती. आम्ही हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. बँकेत नोकरी करणाऱ्याला तो टाळता येणार नाही, कारण त्या पैशाने आमच्याही नोकऱ्या वाचल्या आहेत. प्रस्तुत लेख म्हणजे आजीला तेव्हा न दिलेले उत्तर होय. ते पैसे कोणाचे, ते द्यावयाचे कोणी ठरविले, आणि त्याचा जाब आपण कोणाला व कसा विचारावयाचा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

बँक अडचणीत येते म्हणजे काय?

आपण बँकेत ठेवतो ती ठेव. बँकेच्या दृष्टीने ते देणे असते. बँक त्यातून कर्जे देते. पण बँकेच्या मालकाचाही स्वतःचा पैसा बँकेत असावा लागतो. त्याला भांडवल म्हणतात. आपल्याकडे नियम असा की, धोक्यानुसार मोजलेल्या कर्जांच्या किमान ९ टक्के भांडवल बँकेजवळ असलेच पाहिजे, आणि त्यावर आणखी काही राखीव भाग ठेवावा लागतो.

आता समजा, बँकेने १०० रुपये कर्जाऊ दिले आणि तिचे स्वतःचे ९ रुपये आहेत. यांतले १० रुपये बुडाले तर प्रथम मालकाचे ९ रुपये जातात आणि उरलेला १ रुपया ठेवीदारांच्या पैशांतून जाऊ लागतो. म्हणजे भांडवल ही एक प्रकारची धूप अडविणारी भिंत आहे. आपल्या किनाऱ्यावर समुद्राने बंधारा खाल्ला की पुढची पाळी माडांची आणि घरांची असते, हे मालवणच्या माणसाला सांगावयास नको.

कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकले की ते कर्ज थकीत, म्हणजे अनुत्पादक मानले जाते आणि त्यासाठी बँकेला नफ्यातून तरतूद करावी लागते. मार्च २०१८ मध्ये सरकारी बँकांच्या एकूण कर्जांपैकी सुमारे साडेचौदा टक्के कर्जे अशी अनुत्पादक झाली होती. यांत मोठा वाटा वीज, पोलाद, रस्ते अशा क्षेत्रांतील मोठ्या कर्जांचा होता. म्हणजे बंधारा खचला होता.

सरकारने किती दिले आणि कसे दिले?

सरकारी बँकेत मोठा हिस्सा सरकारचा असतो, म्हणून बंधारा बांधण्याची जबाबदारीही सरकारवर येते. १९९१ च्या नरसिंहम् समितीनंतर हिशेबाचे नियम कडक झाले आणि बँकांचा तोटा उघड होऊ लागला. तेव्हापासून निरनिराळ्या सरकारांनी बँकांना भांडवल दिले आहे. २०१५ साली 'इंद्रधनुष' योजनेत चार वर्षांत ७०,००० कोटी रुपये द्यावयाचे ठरले. ते अपुरे पडले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्र सरकारने २ लाख ११ हजार कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात १ लाख ३५ हजार कोटींचे रोखे होते. शेवटी २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत सरकारने बँकांत ३,१०,९९७ कोटी रुपये घातले. यांपैकी ३४,९९७ कोटी अर्थसंकल्पातील तरतुदीतून आले आणि २,७६,००० कोटी रोख्यांतून.

हे रोखे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. समजा, एका वाडीत बापाचे दुकान मुलगा चालवितो. उधारी बुडाल्यामुळे बापाचा हिस्सा संपला, पण गल्ल्यात लोकांनी ठेवावयास दिलेली रोकड आहे. बापाजवळ रोख पैसे नाहीत. तो गल्ल्यातून शंभर रुपये उसने घेतो, तशी चिठ्ठी लिहून देतो आणि तेच शंभर रुपये आपला हिस्सा म्हणून पुन्हा गल्ल्यात टाकतो. गल्ला होता तेवढाच राहिला. परंतु वहीत बापाचा हिस्सा उभा राहिला आणि बापाच्या डोक्यावर कर्ज चढले. त्या चिठ्ठीचे व्याज तो दरवर्षी घरखर्चातून भरणार.

येथे बाप म्हणजे सरकार आणि घरखर्च म्हणजे देशाचा अर्थसंकल्प. रोखे काढले त्या वर्षी मूळ रक्कम राजकोषीय तुटीच्या आकड्यात दिसत नाही. दरवर्षीचे व्याज मात्र अर्थसंकल्पातून जात राहते. त्यामुळे हा खर्च एकदम डोळ्यांत भरत नाही, आणि जो खर्च डोळ्यांत भरत नाही त्याबद्दल सहसा कोणी विचारीतही नाही.

अर्थसंकल्पात हा पैसा येतो कोठून? आयकर भरणाऱ्यांकडून येतो, तसाच साबण, मोबाइलचे रिचार्ज, टेम्पोचे डिझेल विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडूनही येतो. म्हणजे वीस हजारांसाठी तीन हेलपाटे घालणाऱ्या आजीकडूनही येतो. तिच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर असे सरळ आहे: आजी, ते पैसे तुझेही होते.

वाचविणे चूक होते काय?

येथे आम्हांला एक स्पष्ट केले पाहिजे. सरकारने बँका वाचविल्या हे चूक केले, असे आमचे म्हणणे नाही. बँक बुडाली तर आधी बुडतो तो लहान ठेवीदार. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राजाला असा सल्ला दिला आहे की, राज्यात चोऱ्या-दरोडे वाढले असता केवळ दंड करून भागत नाही. शेती करणाऱ्याला बियाणे द्यावे, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्यावे, राजसेवकाला योग्य वेतन द्यावे. राजकोषातून भांडवल देणे ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. १९६९ साली १४ आणि १९८० साली ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर बँकेची पायरी आपल्या समाजातील अनेक घरांनी प्रथम चढली. आम्हीही त्यांतलेच.

प्रश्न वाचवावे की वाचवू नये हा नसून, कोणाला वाचवावे, कोणत्या अटींवर, आणि बुडविणाऱ्यांचे पुढे काय झाले हा आहे. हे हिशेबनीसांनी नव्हे, राज्यकर्त्यांनी ठरवावयाचे असते. याची तीन उदाहरणे पाहू.

५ मार्च २०२० रोजी येस बँक या खासगी बँकेवर निर्बंध आले व ठेवीदाराला ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम काढण्यास मनाई झाली. केंद्र सरकारने पुनर्रचनेची योजना मंजूर केली, स्टेट बँकेने ६,०५० कोटी रुपये घातले, इतर बँकांनीही वाटा उचलला आणि १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवसांत काम झाले.

त्याआधी २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले होते. तेथे आरंभी एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या चाकरमान्यांना त्या दिवसांतल्या रांगा आठवत असतील. ही बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. म्हणजे दोन वर्षे चार महिने लागले, आणि मोठ्या ठेवीदारांना तर दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत पैसे मिळावयाचे आहेत.

तिसरे उदाहरण आमच्याच भागातले. एका वाडीने विहाराच्या बांधकामासाठी चाकरमान्यांकडून निधी जमविला आणि जादा व्याजाच्या आशेने तो एका पतसंस्थेत ठेवला. पतसंस्था अडचणीत आली. विहाराचे जोते बांधून तयार आहे, त्यावर भिंती उभ्या राहिल्या नाहीत. तेथे कोणतेही सरकार तेरा दिवसांत काय, तेरा महिन्यांतही आले नाही. पतसंस्थेतील ठेवींना बँकेच्या ठेवींप्रमाणे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते, हे पुष्कळांना पैसे अडकल्यानंतरच कळते.

तिन्ही ठिकाणी ठेवीदार सारखेच निर्दोष होते. न्याय मात्र तीन प्रकारचा झाला. त्यामागे काही कारणे असतील, येस बँक फार मोठी होती हे एक कारण आहेच. पण ती कारणे सांगावयाची कोणी? ज्यांना आपण निवडून दिले त्यांनी.

जबाबदारी कोणाची? घटना काय म्हणते?

बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. ते मुळात अर्थशास्त्राचे पंडित होते हे मात्र विसरतो. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली त्यांनी चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. सरकारी पैसा कसा हाताळला जातो याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता, आणि आपल्या घटनेतही ती दक्षता दिसते.

घटनेच्या कलम ११४ प्रमाणे कायद्याने मंजुरी मिळाल्याशिवाय देशाच्या संचित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. कलम ११३ प्रमाणे खर्चाच्या मागण्या लोकसभेपुढे ठेवाव्या लागतात. वर्षाच्या मध्येच जादा पैसे लागले तर कलम ११५ प्रमाणे पुरवणी मागणी आणावी लागते. उदाहरणार्थ, डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने बँकांच्या भांडवलासाठी आणखी ४१,००० कोटी रुपयांची पुरवणी मागणी संसदेपुढे ठेवली. त्यामुळे त्या वर्षाची एकूण रक्कम ६५,००० कोटींवरून १,०६,००० कोटींवर गेली. म्हणजे बँकांना पैसे परस्पर गेले नाहीत. तुमच्या-आमच्या खासदारांच्या सभागृहाने ते मंजूर केले. मंत्रिमंडळ सामुदायिक रीतीने लोकसभेला जबाबदार असते, हे कलम ७५ मध्ये लिहिले आहे, आणि लोकसभा आपल्याला जबाबदार आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संसदीय पद्धत का स्वीकारली याचे कारण सांगितले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, सरकारच्या जबाबदारीची तपासणी या पद्धतीत दोन वेळा होते. एक ठराविक काळाने, निवडणुकीत मतदारांकडून. दुसरी दररोज, सभागृहात सदस्यांकडून प्रश्न, ठराव, तहकुबी, अविश्वास यांच्या मार्गाने. आणि ही रोजची तपासणी निवडणुकीतल्या तपासणीपेक्षा अधिक परिणामकारक व भारतासारख्या देशाला अधिक आवश्यक आहे, असे त्यांचे मत होते.

या लेखाचे सारे म्हणणे या एका विचारावर उभे आहे. आपण निवडणुकीच्या तपासणीवर भिस्त ठेवतो आणि रोजची तपासणी सोडून देतो.

मत हे बोथट हत्यार आहे

आपल्या मतदारसंघाचेच उदाहरण घ्या. आज जो रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ आहे, त्यातला आपला भाग पूर्वी राजापूर लोकसभा मतदारसंघात होता. बॅ. नाथ पै यांच्यानंतर १९७१ पासून १९९१ पर्यंत प्रा. मधु दंडवते येथून खासदार होते. डिसेंबर १९८९ मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. १९९० साली त्यांच्या काळात शेतकरी व ग्रामीण कारागिरांची १०,००० रुपयांपर्यंतची थकीत कर्जे माफ करण्याची योजना आली. त्याची भरपाई सरकारने बँकांना करून द्यावयाची होती. कोणी म्हणाले, गरिबाला दिलासा मिळाला. कोणी म्हणाले, परतफेडीची सवय मोडली. दोन्ही बाजूंनी आजही बोलले जाते.

१९९१ च्या निवडणुकीत प्रा. दंडवते राजापुरातून पराभूत झाले. त्या पराभवात या कर्जमाफीचा वाटा किती, पक्षीय राजकारणाचा किती, हे सांगता येईल काय? नाही. मतपत्रिकेवरचा एक शिक्का शंभर प्रश्नांची उत्तरे एकदमच देत असतो. त्यामुळे कोणत्या प्रश्नाचे उत्तर काय दिले हे निवडून येणाऱ्यालाही कळत नाही आणि पडणाऱ्यालाही. म्हणून मत हे आवश्यक हत्यार असले, तरी एका प्रश्नापुरते ते बोथट असते.

परदेशातही हेच दिसते. २००८ साली अमेरिकेतील मोठ्या बँका कोसळू लागल्या तेव्हा सरकारने ७०० अब्ज डॉलरची योजना आणली. मतदारांनी आपापल्या प्रतिनिधींकडे फोन आणि पत्रांचा भडिमार केला. निवडणूक पाच आठवड्यांवर होती. २९ सप्टेंबरला कनिष्ठ सभागृहाने २२८ विरुद्ध २०५ मतांनी विधेयक फेटाळले. बाजार कोसळला, विधेयकात फेरबदल झाले आणि ३ ऑक्टोबरला ते २६३ विरुद्ध १७१ मतांनी संमत झाले. आइसलँडमध्ये बुडालेल्या बँकेच्या परदेशी ठेवीदारांचे देणे जनतेने फेडावे काय, यावर २०१० आणि २०११ असे दोनदा सार्वमत झाले आणि दोन्ही वेळा जनतेने नकार दिला.

आपल्याकडे अशी सार्वमताची सोय नाही. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदाराला पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत देणे अवघड झाले आहे. तो म्हणेल, "मी काय करू? पक्षाने सांगितले तसे मत दिले." हे उत्तर अर्धे खरे आहे. मत देण्यावर व्हिप असतो, प्रश्न विचारण्यावर मात्र सहसा नसतो. लोकसभेत बैठकीच्या एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. आपल्या खासदाराचा बँकांबद्दल एकही प्रश्न नसेल, तर त्याचा दोष पक्षावर ढकलता येत नाही. आणि आपण त्याला तसा प्रश्न कधी पाठविलाच नसेल, तर त्याचा दोष आपल्याकडेही येतो.

विचारले की काय होते?

विचारून काही होत नाही, असे पुष्कळ जण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. घडलेल्या गोष्टी पाहा.

पंजाब अँड महाराष्ट्र बँकेवर निर्बंध आले तेव्हा महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक जवळ होती. २१ ऑक्टोबर २०१९ ला मतदान होते. १० ऑक्टोबरला केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन मुंबईत आल्या असता ठेवीदारांनी त्यांना गाठले, निदर्शने केली व गाऱ्हाणे मांडले. आवश्यक तर कायदा बदलू, असे त्यांना सांगावे लागले. रक्कम काढण्याची मर्यादा टप्प्याटप्प्याने १,००० वरून ५०,००० पर्यंत गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर आली. ती १९९३ पासून तशीच होती. २०२० साली सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविणारा कायदा झाला. २०२१ साली ठेव विम्याचा कायदा सुधारला आणि बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. हे सारे केवळ त्या निदर्शनांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण रांगेत उभे राहिलेल्या माणसांनी तोंड मिटून घेतले असते तर एवढ्या लवकर झाले नसते, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरे उदाहरण महालेखापरीक्षकांचे. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी या अधिकाऱ्याला घटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हणावे असे मत मांडले होते. २०१७ साली महालेखापरीक्षकांनी सरकारी बँकांच्या भांडवलावर अहवाल दिला. २००८-०९ ते २०१६-१७ या काळात सरकारने १,१८,७२४ कोटी रुपये दिले असे त्यात नोंदले आहे. भांडवल वाटपाचे निकष वर्षागणिक बदलत गेले आणि काही प्रसंगी अमुक बँकेला अमुक रक्कम का दिली याची कारणे कागदोपत्री आढळली नाहीत, असेही त्यात म्हटले आहे. वीस हजारांच्या कर्जासाठी आजीकडे कागद मागणारे आम्ही, हे वाचून काही वेळ गप्प बसलो.

तिसरे उदाहरण माहितीच्या अधिकाराचे. २००५ च्या या कायद्याखाली रिझर्व्ह बँक काही माहिती देण्यास तयार नव्हती. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी माहिती नाकारता येणार नाही असा निकाल दिला. तो लढा सामान्य नागरिकांनी लढविलेला होता.

आणि सभागृहातील प्रश्नांचे म्हणाल तर, १० वर्षांत बँकांनी १६ लाख ३५ हजार कोटी रुपयांची थकीत कर्जे निर्लेखित केली, हा आकडा मार्च २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरातूनच देशाला कळला. येथे एक खुलासा आवश्यक आहे. निर्लेखित करणे म्हणजे माफ करणे नव्हे. कर्ज बँकेच्या ताळेबंदातून बाहेर काढले जाते, पण कर्जदाराचे देणे संपत नाही व वसुली चालू ठेवावयाची असते. सभेत कोणी "सरकारने इतके लाख कोटी माफ केले" असे ठोकून दिले, तर त्याला दुरुस्त करावे. चुकीच्या प्रश्नाला उडवून लावणे सोपे असते. बिनचूक प्रश्न असा की, निर्लेखित कर्जांपैकी वसूल किती झाले?

आपण काय करावे?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्याकडे ७ मे रोजी मतदान झाले. त्याआधी वाड्यावाड्यांत प्रचारक आले. आपण त्यांच्याकडे काय मागितले? पाखाडी, साकव, सभामंडपाचे पत्रे. या मागण्या गैर नाहीत. चिखलातून शाळेत जाणाऱ्या मुलाला पाखाडी हवीच. पण या बहुतेक गोष्टी ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि आमदार यांच्याकडच्या आहेत. लाखो कोटींच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या माणसाकडून आपण पत्रे मागून घेतले आणि तो आनंदाने देऊन गेला. यात त्याचा फायदा झाला, आपला नाही.

आज सरकारी बँका नफ्यात आहेत. २०२४-२५ मध्ये त्यांचा एकत्रित नफा १ लाख ७८ हजार कोटी रुपयांवर गेला, आणि बँका सरकारला लाभांशही देऊ लागल्या आहेत. तेव्हा आता विचारावयाचे काय, असे कोणी म्हणेल. आम्हांला वाटते, विचारण्याची वेळ हीच आहे. बंधारा पावसाळ्यापूर्वी तपासावयाचा असतो, भरतीच्या लाटा आल्यावर नव्हे.

आमची संस्थेला सूचना आहे की, दरवर्षी अर्थसंकल्पापूर्वी सभासदांनी एकत्र बसून आपल्या खासदाराला आणि आमदाराला एक पत्र पाठवावे. त्यात चार प्रश्न असावेत.

पहिला प्रश्न: सरकारने बँकांना दिलेल्या भांडवलापोटी रोख्यांवर आजवर व्याज किती भरले आणि बँकांकडून लाभांश किती परत आला?

दुसरा प्रश्न: निर्लेखित केलेल्या कर्जांपैकी वसुली किती झाली, आणि त्यांत मोठ्या उद्योगांचा वाटा किती?

तिसरा प्रश्न आपल्या जिल्ह्याचा: सिंधुदुर्गातील बँकांत लोकांनी ठेवलेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी किती रुपये याच जिल्ह्यात कर्ज म्हणून दिले जातात? चाकरमान्यांच्या घामाचा पैसा येथे येतो. तो मासेमारी, काजू, बागायत यांसाठी येथेच फिरतो की शहराकडे परत जातो? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या जिल्हास्तरीय आढावा बैठका होतात आणि त्यांना खासदार-आमदारांना बोलावणे असते. आपले प्रतिनिधी त्या बैठकांना हजर होते काय, हेही विचारावे.

चौथा प्रश्न आमदाराला: पतसंस्थांचा कारभार राज्याच्या सहकार कायद्याखाली येतो. त्यांतील ठेवींना संरक्षण देण्यासाठी तुम्ही विधानसभेत काय केले?

पत्राची पोच घ्यावी. तीन महिन्यांत उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवावे. आलेले उत्तर, किंवा उत्तर आले नाही ही नोंद, पुढच्या स्मरणिकेत छापावी. पाच वर्षांनी प्रचारक पुन्हा येतील तेव्हा ती स्मरणिका त्यांच्यापुढे ठेवावी. मग आपले मत बोथट राहणार नाही. विद्यार्थ्यांनी यातले एक काम अंगावर घ्यावे. संसदेतील प्रश्नोत्तरे सर्वांना पाहावयास मिळतात. आपल्या खासदाराने वर्षभरात कोणते प्रश्न विचारले याची यादी करणे हे पदवीच्या विद्यार्थ्याला एका रविवारचे काम आहे.

एवढ्याशा पत्राने काय होणार, असे वाटेल. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या गणराज्याबद्दल भगवान बुद्धांनी सांगितलेल्या सात गोष्टींपैकी पहिली अशी की, जोवर ते वारंवार एकत्र जमत राहतील, तोवर त्यांचा ऱ्हास होणार नाही. शस्त्रे किंवा कोषातील सोने यांचा उल्लेख त्यात प्रथम नाही. एकत्र बसून आपल्या कारभाराचा विचार करणे प्रथम आहे. आपली मासिक बैठक हीच आपली गणसभा आहे. तिच्या विषयपत्रिकेवर वर्षातून एकदा देशाच्या तिजोरीचाही विषय असावा, एवढेच मागणे आहे.

ती आजी पुढे चौथ्या हेलपाट्याला आली आणि तिचे कर्ज झाले. दोन वर्षांत तिने ते पुरे फेडले, एकही हप्ता चुकविला नाही. शेवटचा हप्ता भरून पावती कमरेच्या पिशवीत ठेवताना ती म्हणाली, "माजा फिटला. आता तेंचा इचार." आम्ही ते येथे विचारले आहे. आता संस्थेने विचारावे.

जय भीम! नमो बुद्धाय!